बॅटरीवर बोलणारा रेडिओ : गावच्या संचाची हकिगत आणि दुरुस्ती



आपल्या कार्यक्रमात आपण नेहमी बियाणं, खतं, कीड-रोग यांविषयी बोलतो. या पत्रकात मात्र ज्या यंत्रातून हे बोलणं पहिल्यांदा गावात पोचलं, त्या यंत्राविषयी सांगायचं आहे. विस्ताराच्या कामाला फिरताना जुन्या ग्रामपंचायतीच्या कपाटात, शाळेच्या माळ्यावर, एखाद्या वाड्याच्या कोनाड्यात व्हॉल्व्हचा रेडिओ अजून दृष्टीस पडतो. लाकडी नाही तर बेकेलाइटची पेटी, मागं वायरींचा गुंता, पण भिंतीतल्या विजेच्या पिनेची वायर कुठंच नाही. असा संच दिसला तर समजा, हा बॅटरीवरचा आहे.

या संचाला दोन माणसांपासून धोका आहे. एक भंगारवाला, तो वजनावर पैसे देतो. दुसरा घरातला हौशी माणूस, तो मोबाईलच्या चार्जरची वायर तोडून दोन टोकं कुठं तरी टेकवतो आणि “बघू लागतो का” म्हणतो. पहिल्याच्या हातून संच निदान पेटीसकट जातो. दुसऱ्याच्या हातून पेटी राहते आणि आतला जीव जातो, कारण जळालेले व्हॉल्व्ह आता सहजासहजी मिळत नाहीत. तेव्हा काही करण्याआधी हे यंत्र कशावर जगत होतं ते समजून घ्या.

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. त्या काळी शहरात वीज होती, खेड्यात नव्हती. रेडिओ ऐकायचा तर वीज डब्यात भरून गावात न्यावी लागे. सुरुवातीच्या संचांना तीन-तीन बॅटऱ्या लागत. एक दोन व्होल्टची ॲसिडची, काचेच्या बरणीतली. दुसरी शंभर-सव्वाशे व्होल्टची कोरडी. आणि तिसरी एक लहान, नऊ व्होल्टच्या आसपासची. ॲसिडची बॅटरी उतरली की तालुक्याच्या गावी नेऊन चार्ज करून आणायची, म्हणजे आधी बैलगाडी आणि पुढं १९४८ नंतर जिथं एस.टी. पोचली तिथं एस.टी. ॲसिड सांडलं की धोतर गेलं. शिवाय ही बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की तिच्या शिशाच्या पाट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी उभारी धरत नाही. हा धडा ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही तसाच लागू आहे.

आता व्हॉल्व्ह म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. आत केसापेक्षा बारीक तार असते, तिला फिलामेंट म्हणतात. ती तापली की तिच्यातून विजेचे सूक्ष्म कण सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, ओढले जातात. इतपत काम करणारी नळी फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०४ साली केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यानं दोहोंच्या मध्ये एक जाळी बसवली आणि खरी करामत तिथं झाली. रात्री पाण्यावर दारं धरणारा माणूस काय करतो? एक खोरंभर माती इकडची तिकडं करतो आणि सगळा पाट वाफा बदलतो. जाळीचं काम हेच. एरियलवर आलेला नाजूक संदेश म्हणजे ते खोरं, आणि बॅटरीतून वाहणारा प्रवाह म्हणजे पाट. खोरं हललं की पाट हलतो, आणि त्या पाटाच्या जोरावर कर्ण्यातून माणसाचा आवाज निघतो.

म्हणजे कामं दोन, आणि म्हणून बॅटऱ्याही दोन. फिलामेंट तापवणारी ती ‘ए’ बॅटरी, दीड व्होल्टची. प्लेटकडे कण ओढणारी ती ‘बी’ बॅटरी, बहुधा नव्वद व्होल्टची. दीड व्होल्टचे साठ छोटे सेल एकापुढं एक जोडून ती बनवत. हे दोन आकडे नीट ध्यानात ठेवा, पुढची सगळी दुरुस्ती त्यांच्याभोवती आहे.

१९४० च्या सुमारास बोटाएवढ्या लहान व्हॉल्व्हची एक जात अमेरिकेत निघाली आणि खेड्यातल्या संचाचं रूप पालटलं. आपल्याकडे सापडणाऱ्या संचांत बहुधा चार व्हॉल्व्ह दिसतील, त्यांवर डीके ९१, डीएफ ९१, डीएएफ ९१ आणि डीएल ९२ असे छाप असतात. अमेरिकी नावं १आर५, १टी४, १एस५ आणि ३एस४. पहिल्या तिघांच्या फिलामेंटला प्रत्येकी ५० मिलिअँपिअर लागतात, चौथा कर्णा चालवतो म्हणून त्याला १००. एकूण पाव अँपिअर. ‘बी’ बॅटरीतून साधारण दहा मिलिअँपिअर. हिशेब केला तर सगळा संच सव्वा वॅटच्या आसपास खातो. आज खिशातल्या मोबाईलचा साधा चार्जर दहा वॅटचा असतो. इतक्या थोडक्या शिदोरीवर पन्नास माणसांना बातम्या, बाजारभाव आणि भजन ऐकवणारं यंत्र माणसानं केलं, याचं मला तरी फार कौतुक वाटतं. पुढं १९५० च्या दशकात ९६ क्रमांकाचे व्हॉल्व्ह आले, त्यांनी फिलामेंटचा खर्च निम्म्यावर आणला. आपल्या देशात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले.

खर्च थोडा असला तरी तो भरायचा कुणी, हा खेड्यात मोठा प्रश्न होता. संचासाठी पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत, ते वेगळेच. परवान्याची ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. एकट्या शेतकऱ्याला हे सगळं झेपणारं नव्हतं, म्हणून गावानं मिळून एक संच ठेवायचा आणि सरकारनं त्याला हातभार लावायचा अशी सामूहिक श्रवणाची रीत पडली. संच चावडीत नाही तर शाळेत, कपाटाला कुलूप, किल्ली एकाकडे. कार्यक्रम संपला की लगेच बटण बंद. आजच्या मुलांना हे कंजूषपणाचं वाटेल, पण तेव्हा रेडिओ विनाकारण चालू ठेवणं म्हणजे पाण्याची मोट रिकाम्या शेतात ओतणं होतं.

याच रीतीवर आपल्या महाराष्ट्राच्या मुलखात एक मोठा प्रयोग झाला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं होतं. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकरी श्रोतामंडळं चालवली गेली. कल्पना कॅनडाची. तिथल्या शेतकऱ्यांनी १९४१ पासून रेडिओभोवती बसून ऐकायचं, बोलायचं आणि मग कामाला लागायचं असा परिपाठ घातला होता. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळात वीसेक माणसं. ऐकून झालं की चर्चा, आणि निमंत्रकानं चर्चेचा अहवाल व लोकांचे प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं याची पाहणी केली. काही गावांत मंडळ होतं, काहींत नुसता रेडिओ, काहींत दोन्ही नव्हतं. जिथं ऐकून चर्चा झाली त्या गावांतल्या लोकांची माहिती ठळकपणे वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढली नाही. या प्रयोगाचा अहवाल जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी लिहिला, युनेस्कोनं तो १९५९ साली छापला, आणि त्याच वर्षी ही योजना देशभर लागू झाली.

आता तुम्ही म्हणाल, यात बॅटरीचा काय संबंध? संबंध असा, की वीस माणसं भाकरी लवकर आटोपून चावडीत जमली आणि संच मुका निघाला, तर पुढच्या खेपेला दहाच येतात. त्यापुढच्या खेपेला कुणी येत नाही. कार्यक्रम कितीही चांगला असो, तो शेवटी कपाटातल्या त्या नव्वद व्होल्टच्या डब्यावर अवलंबून होता. विस्तार कार्याच्या पुस्तकांत मंडळांबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे, वेळेवर बॅटरी बदलणाऱ्या माणसाबद्दल फार थोडं. माझ्या मते त्याचा वाटा निमंत्रकाइतकाच होता.

ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेत १९४७ च्या डिसेंबरात लागला, १९५४ साली तिथं पहिला खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला, आणि १९६० नंतर आपल्याकडेही हे संच पसरत गेले. त्यात फिलामेंट नाही, नव्वद व्होल्ट नाहीत, टॉर्चचे सेल घातले की झालं. रेडिओ बैलाच्या शिंगाला अडकून शेतात गेला आणि चावडीतलं कपाट बंद झालं. पुढं नव्वद व्होल्टची बॅटरी दुकानात मिळेनाशी झाली. तेव्हा हे ध्यानात घ्या, की तुमच्या गावातला संच बिघडला म्हणूनच बंद पडला असेल असं नाही. पुष्कळ संच उपाशी म्हणून गप्प बसलेले आहेत.

दुरुस्तीला बसताना पहिलं काम डोळ्यांचं आणि नाकाचं. मागचा पुठ्ठा काढा. उंदरांनी कर्ण्याचा कागद कुरतडला असेल, कुंभारणीनं मातीची घरं केली असतील, त्या काळचं रबराचं वेष्टण हात लावताच भुगा होऊन पडेल. मऊ कुंचल्यानं झाडा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा बारीक तारांना बाधतो. व्हॉल्व्ह हलवत न बसता सरळ वर ओढून काढा आणि कोणता कुठं होता ते कागदावर लिहा. पायांवर कळंक चढला असेल तर पुसून घ्या.

मग डिजिटल मीटरनं फिलामेंट शाबूत आहे का ते पाहा. वर सांगितलेल्या लहान व्हॉल्व्हना सात पाय असतात. खालून पाहिलं की जिथं मोकळी जागा दिसते तिच्या एका बाजूचा पहिला आणि दुसऱ्या बाजूचा सातवा. या दोन पायांत मीटरनं रस्ता दाखवला तर व्हॉल्व्ह जिवंत असण्याची आशा आहे. नाही दाखवला तर तार तुटली, तो गेला. चालू व्हॉल्व्हची तार उजेडात लाल दिसत नाही, तेव्हा ती पेटलेली दिसावी म्हणून व्होल्टेज वाढवू नका. पुष्कळ संच याच पायी वाया गेले आहेत.

सगळ्यांत मोठा घात होतो तो दोन बॅटऱ्यांची अदलाबदल झाल्यानं. कारखान्यानं ‘ए’ आणि ‘बी’ चे प्लग मुद्दाम वेगळ्या पायांचे केले होते, पण नंतर कुणी तरी ते तोडून उघड्या तारा बांधलेल्या असतात. नव्वद व्होल्ट दीड व्होल्टच्या तारेत गेले की चारी व्हॉल्व्ह डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. म्हणून व्हॉल्व्ह बाहेर ठेवूनच ‘बी’ चं व्होल्टेज एका दहा हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून जोडा, संचाचं बटण चालू करा आणि व्हॉल्व्हच्या खोबणीत पहिल्या व सातव्या छिद्रावर मीटर लावा. काटा शून्यावर राहिला तरच पुढं जा. जुने कारागीर आणखी एक युक्ती करत. ‘बी’ च्या वजा तारेत टॉर्चचा लहान दिवा बसवत. काही घोटाळा झाला तर चार व्हॉल्व्हऐवजी तो एक दिवा जळे.

नव्वद व्होल्ट आणायचे कुठून? बाजारात मिळणाऱ्या चौकोनी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढं एक जोडा, नव्वद झाले. रोज तासभर ऐकलं तर चांगल्या बॅटऱ्या महिनाभर पुरतात. ‘ए’ साठी टॉर्चचा मोठा सेल पुरे, दोन समांतर जोडले तर अधिक टिकतात. मोबाईलच्या चार्जरचे पाच व्होल्ट फिलामेंटला कधीच देऊ नका. काही संचांत फिलामेंट एकापुढं एक जोडलेली असतात आणि त्यांना साडेसात किंवा नऊ व्होल्ट लागतात, तेव्हा पेटीच्या आतली चिठ्ठी आधी वाचा. नव्वद व्होल्टचा झटका लहान नसतो. हात कोरडे ठेवा, मुलांना दूर ठेवा.

संच लागला तरी तो नीट बोलेलच असं नाही. पण तो कसा बोलतो यावरून दुखणं ओळखता येतं. नुसती सूं सूं येते आणि केंद्र एकही लागत नाही, अशा वेळी आधी ‘ए’ सेल मोजा, तोही संच चालू असताना. सेल सव्वा-एक व्होल्टच्या खाली उतरू लागला की डीके ९१ हा व्हॉल्व्ह सर्वांत आधी काम सोडतो, बाकीचे तीन चालू असतात, म्हणून आवाज येतो पण केंद्र येत नाही. पूर्वी असं झालं की लोक संच बंद ठेवत आणि तासाभरानं तो पुन्हा थोडा वेळ बोले. सेलला विश्रांती मिळाली की तो जरासा सावरतो, एवढंच.

डिझेल इंजिनासारखा फट्‌ फट्‌ आवाज आला तर ‘बी’ बॅटरी थकलेली आहे, किंवा तिच्या जोडीचा आठ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकला आहे. नव्वदची बॅटरी साठावर आली की ती संपली असं धरत. आवाज घोगरा, फाटका येतो आणि ‘बी’ भराभर उतरते, तेव्हा डीएएफ ९१ च्या प्लेटकडून डीएल ९२ च्या जाळीकडे जाणारा मेणकागदी कंडेन्सर पाझरतो आहे असं समजा. हे या संचांचं अगदी नेहमीचं दुखणं आहे. पाटाचं दारं फुटल्यासारखं होतं, जाळीचा ताबा सुटतो आणि शेवटच्या व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत सुटतो. तो कंडेन्सर काढून तेवढ्याच मापाचा, चारशे व्होल्टचा पॉलिएस्टरचा नवा डाख देऊन बसवा. चांगला वाटला तरी बदला. ‘बी’ च्या वजा तारेत मिलिअँपिअर मोजा, दहाच्या आसपास हवेत. वीस-पंचवीस दिसले तर बटण बंद करून शोधा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते, ती बहुधा धुळीची असते.

दुरुस्तीची पुस्तकं सांगतात, की आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला बोट लावा, कर्ण्यात घूं आवाज आला की पुढचा भाग चांगला. पण ही घूं घरातल्या विजेच्या तारांची असते. वीज नसलेल्या गावात ती येणार कुठून? तिथं टक् असा आवाज आला तरी पुरे.

काही संच सहा व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालत. त्यांत व्हायब्रेटर नावाचा डबा असतो, तो सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून सहा व्होल्टचे पुढं जास्त व्होल्ट करायला मदत करतो. संच चालू करताच डब्यातून बारीक गुणगुण आली पाहिजे. न आली तर आतले संपर्क चिकटलेले किंवा गंजलेले असतात. डबा उघडून ते बारीक पॉलिश कागदानं साफ करता येतात, मात्र शेजारचा बफर कंडेन्सर त्याच वेळी बदलावा, नाही तर संपर्क पुन्हा जळतात.

आवाज साफ आहे पण लांबून आल्यासारखा बारीक येतो, असं असेल तर दोष संचात नसून छपरावर असू शकतो. या संचांना बाहेर चाळीस-पन्नास फूट तार आणि जमिनीत अर्थ लागते. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थ निकामी होते. जुने लोक कोळसा-मीठ घालून नळी पुरत आणि मे महिन्यात तिच्या बुडाशी घागरभर पाणी ओतत, ते अगदी बरोबर होतं. पावसाळी ढग दिसले की एरियल संचापासून काढून अर्थला जोडा.

शेवटची गोष्ट आजच्या काळाची. हे संच एफ.एम. पकडत नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींवरची बरीच प्रक्षेपणं बंद झाली आहेत. संचाला दोष देण्याआधी एखाद्या लहान ट्रान्झिस्टरवर त्या जागी केंद्र लागतं का ते पाहून घ्या. एल.ई.डी. दिवे, चार्जर, सौर पंपाचे कंट्रोलर यांची खरखर मध्यम लहरींवर फार येते. संच घेऊन विजेच्या तारांपासून दूर शेतात जा, नाही तर गावची वीज गेलेली असेल तेव्हा लावा. अंधार पडल्यावर दूरची केंद्रंही येतात. ऐकून झालं की दोन्ही प्लग काढून ठेवा, आणि संपलेले सेल पेटीत ठेवून देऊ नका, त्यांचं पाणी सुटलं की चेसिसचा पत्रा खातं.